ब्लॉगसाठी नेमका विषय कसा निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लॉग सुरू करायच्या बेतात असलेल्या लोकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ब्लॉग कुठे उघडायचा, थीम कोणती घ्यायची हे प्रश्न मुद्दाम घेतलेले नाहीत. त्यातलं काही चुकलं तर एका संध्याकाळी बदलता येतं, विषयाचं तसं नाही. प्रश्न सोप्याकडून अडचणीच्या बाजूंकडे जातात. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ब्लॉगला एकच विषय हवाच का? मनाला येईल ते लिहिलं तर काय बिघडतं?

स्वतःसाठी आणि चार मित्रांसाठी लिहीत असाल तर काहीच बिघडत नाही. खुशाल लिहा, पुढचं वाचायचीही गरज नाही.

अनोळखी वाचक हवे असतील तर मात्र ते तुमच्यापर्यंत कसे पोचतात ते बघा. बहुतेक जण मुखपृष्ठावरून येत नाहीत. काहीतरी शोधताना किंवा कुणी पाठवलेल्या दुव्यावरून ते थेट एखाद्या लेखावर उतरतात. तो लेख आवडला की नजर बाजूच्या दोन-तीन शीर्षकांवर जाते. तिथे त्याच अडचणीचा पुढचा भाग दिसला तर ते थांबतात. तिथे प्रवासवर्णन, कविता आणि मोबाइलचं परीक्षण दिसलं तर आभार मानून निघून जातात. नेमक्या विषयाचा उपयोग होतो तो या दुसऱ्या क्लिकसाठी.

अपवाद आहेत. जेसन कॉटकी १९९८ पासून आपल्या कॉटकी डॉट ऑर्ग या ब्लॉगवर जवळपास कशावरही लिहीत आले आहेत. वाचक तिथे त्यांची निवड बघायला जातात. पण ती निवड ओळखीची व्हायला वर्षं गेली. पहिल्या महिन्यात कुणालाही तुमची नजर माहीत नसते.

२. 'नेमका विषय' म्हणजे किती नेमका?

'सायकल' हे क्षेत्र झालं, विषय नाही. 'सायकलची देखभाल' थोडं बरं. 'रोज सायकलने कामावर जाणाऱ्यांना घरीच करता येईल अशी देखभाल' म्हटलं की विषय झाला, कारण आता वाचक डोळ्यांसमोर आला. त्याच्याकडे दुकानातली अवजारं नाहीत, सकाळी वेळ नाही, आणि सायकल बंद पडली तर कामाला उशीर होतो. लेख आपोआप सुचू लागतात: साखळी झिजली हे साध्या पट्टीने कसं मोजायचं (बारा पूर्ण कड्या बारा इंचांपेक्षा जास्त भरू लागल्या की झीज सुरू झाली), ब्रेक किंचाळतो तो पॅडवर तेल उडाल्यामुळे की पॅड तिरका बसल्यामुळे, पावसात भिजलेल्या साखळीला आधी पुसायचं की आधी तेल द्यायचं.

क्षेत्र कोणतं, कोणासाठी आणि त्याच्या कोणत्या अडचणीसाठी, या तीन गोष्टी एका वाक्यात बसल्या पाहिजेत. माझी कसोटी उलट्या बाजूने चालते. ते वाक्य ऐकून समोरच्याला 'म्हणजे यात अमुक येणार नाही' हे कळलं पाहिजे. वरच्या वाक्यात शर्यतीच्या सायकली येणार नाहीत, नव्या मॉडेलांच्या बातम्याही नाहीत. काहीच वगळलं जात नसेल तर विषय अजून ठरलेला नाही.

खूपच अरुंद होईल ही भीती असेल तर एक उदाहरण. डेव्हिड हॉबी हे तेव्हा 'बाल्टिमोर सन' या वृत्तपत्रात छायाचित्रकार होते. त्यांनी २००६ मध्ये 'स्ट्रोबिस्ट' हा ब्लॉग काढला. विषय एवढाच: छोटा फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवून प्रकाशयोजना कशी करायची. आख्ख्या छायाचित्रकलेतली ही एक फांदी, तरी जगभरचे वाचक मिळाले.

३. मला सगळ्यातच थोडाथोडा रस आहे. निवडू कशातून?

आवडींची यादी करू नका. ती कधी संपत नाही, आणि तिच्यात 'आवडायला हवं' असं वाटणाऱ्या गोष्टीच जास्त शिरतात. त्याऐवजी पुरावे बघा. लोक तुम्हाला कशाबद्दल फोन करतात? कुठल्या विषयावर कुणी चुकीचं बोललं की तुम्हाला गप्प बसवत नाही? कशाबद्दलच्या नोंदी, फोटो, स्क्रीनशॉट तुमच्या फोनमध्ये कुणी न सांगता साठले आहेत?

आणखी एक गाळणी लावा. एखाद्या गोष्टीबद्दल वाचायची आवड वेगळी आणि ती करायची आवड वेगळी. अवकाश मोहिमांबद्दल वाचायला पुष्कळांना आवडतं. रात्री गच्चीवर जाऊन दुर्बिणीतून गुरूचे उपग्रह टिपून ठेवणारे थोडे असतात. ब्लॉगला दुसऱ्या प्रकारची आवड पुरते. पहिल्या प्रकारात तुम्ही इतरांचे लेख सारांशाने सांगत राहता, आणि वाचक लवकरच मूळ लेखांकडे वळतात.

४. विषय पुरेल की दोन महिन्यांत संपेल, हे आधी कसं कळणार?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मी हाच मानतो. 'विषय फार छोटा होता म्हणून ब्लॉग बंद पडला' असं सर्रास ऐकू येतं, पण बंद पडलेले ब्लॉग उघडून बघितले तर विषय बहुधा मोठे असतात: व्यक्तिमत्त्व विकास, तंत्रज्ञान, जीवनशैली. आटलेली असते ती आवक. बाजारात मालाची आवक असते तशी विषयालाही लागते. नवा मजकूर कुठून येणार, हे आधी ठाऊक असायला हवं.

आवक साधारण चार वाटांनी येते. तुम्ही स्वतः ते काम करत असता आणि दर आठवड्याला नवी भानगड निघते. वाचक विचारत राहतात. क्षेत्रातच हालचाल असते, म्हणजे नियम, साधनं, संशोधन बदलतं. किंवा मागे एखादा न संपणारा साठा असतो. शॉन अशर यांनी २००९ मध्ये सुरू केलेलं 'लेटर्स ऑफ नोट' हे संकेतस्थळ या शेवटच्या प्रकारचं. इतरांनी लिहिलेली लक्षात राहावीत अशी पत्रं शोधायची आणि एकेक करून मांडायची. पत्रं काही संपायची नाहीत. चारांतल्या दोन वाटा तरी उघड्या असाव्यात.

तपासायचं असं. तीस शीर्षकं लिहा. पहिली दहा झटकन सुचतील. ती धरू नका, ती सगळीकडे आहेत. प्रत्येक शीर्षकापुढे मजकूर कुठून येणार ते लिहा: 'स्वतः करून बघणार', 'अमुक माणसाला विचारणार', 'जुन्या नोंदी'. बहुतेक ओळींपुढे 'नेटवर शोधणार' असं आलं तर तो विषय तुमचा नाही.

समजा विषय आहे 'डावखुऱ्यांसाठी शाईचं पेन'. ऐकताच वाटतं, यात लिहायचं काय? डावीकडून उजवीकडे लिहिताना डावखुऱ्याचा हात ओल्या शाईवरून जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हात ओळीच्या खाली ठेवणाऱ्याला हा त्रास जवळजवळ होतच नाही, मनगट वळवून ओळीच्या वरून लिहिणाऱ्याला होऊ शकतो. इथेच दोन वेगळे वाचक झाले. बारीक निब कमी शाई सोडते म्हणून ती लवकर सुकते, पण डावखुऱ्याच्या हातात निब ओढली जाण्याऐवजी बरेचदा ढकलली जाते आणि बारीक निब कागदात रुतते. मग करायचं काय? गुळगुळीत कागदावर निब छान सरकते, पण शाई सुकायला वेळ लागतो. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांमध्ये हीच अडचण उजव्या हाताच्या लोकांना येते का? शाळेतल्या मुलाला पहिलं पेन कोणतं द्यावं? हातात चार पेनं, तीन शाया आणि दोन प्रकारचे कागद असतील तर प्रत्येक जोडी हा एक लेख आहे. विषय टिचभर, पण आवक चालू.

५. मी तज्ज्ञ नाही. मग कोणत्या तोंडाने लिहू?

शिकणाऱ्याच्या तोंडाने, आणि तसं सांगून. नवशिक्याला कुठे अडतं हे तज्ज्ञ विसरलेले असतात, तुम्हाला ते कालच अडलेलं असतं. फक्त विषयाची मांडणी त्याप्रमाणे करा. 'बुद्धिबळातले शेवटचे डाव' यावर अधिकारवाणीने लिहू नका, 'राजा आणि प्याद्यांचे शेवटचे डाव शिकताना' असं लिहा. 'मी हे केलं आणि असं झालं' हे वाक्य कुणीही लिहू शकतो. 'हे असंच असतं' म्हणायला अभ्यास लागतो. काही क्षेत्रांत मात्र एवढ्यावर भागत नाही, त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

६. माझ्या विषयावर आधीच ढीगभर ब्लॉग आहेत. आता काय उरलं?

ढीग आहे म्हणजे वाचक आहेत. एकही ब्लॉग नसेल तर मी जास्त सावध होईन.

तरीही त्यातल्या पहिल्या पाच-सहा ब्लॉगांवर एक दुपार घालवा. लेखांपेक्षा त्यांखालच्या प्रतिक्रिया वाचा. 'पण माझ्याकडे जुनं मॉडेल आहे', 'हे भाड्याच्या घरात कसं करायचं?', 'एका हाताने जमेल का?' अशा प्रश्नांना उत्तर मिळालेलं नसतं, आणि तेच प्रश्न तीन ठिकाणी दिसले तर तुमचा विषय तिथे बसलेला आहे. कोपरा निवडताना क्षेत्र बदलण्यापेक्षा वाचक बदलणं सोपं जातं. झाडं तीच, पण वाचक ऊन न येणाऱ्या खोलीत राहणारा. व्यायाम तोच, पण वाचक रात्रपाळी करणारा.

७. या विषयाला वाचक आहेत का, हे कसं तपासायचं?

गूगलच्या शोधपेटीत विषयाचा पहिला शब्द टाकून थांबा आणि खाली काय सुचवलं जातं ते बघा. त्या सूचना लोकांच्या खऱ्या शोधांवर आधारलेल्या असतात. त्यांतले प्रश्नार्थक शोध जसेच्या तसे लिहून घ्या.

गूगल ट्रेंड्स (एखाद्या शब्दाचा शोध काळानुसार कसा वाढला-घटला हे दाखवणारं साधन) वापरत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथले ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या सांगत नाहीत. निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू १०० धरून बाकीचं त्याच्या तुलनेत दाखवलेलं असतं. त्यामुळे अगदी कमी शोधला जाणारा शब्दही १०० वर जाऊ शकतो. विषय हंगामी आहे का आणि ओसरतोय का, या दोन गोष्टींसाठी ते साधन चांगलं आहे.

खरं उत्तर मिळतं ते ब्लॉग सुरू झाल्यावर. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये लोक कोणते शब्द टाकताना तुमचा लेख दिसला हे कळतं, आणि तिथे मागच्या सोळा महिन्यांची माहिती मिळते. लिहिलेल्या विषयाच्या शेजारचेच शब्द तिथे सारखे दिसू लागले तर विषय त्या बाजूला सरकवा.

८. पैसे मिळतील असा विषय घेऊ की आवडीचा?

आवक असलेल्या विषयांमधून (प्रश्न ४) ज्याच्या वाचकाला कधीतरी काही विकत घ्यावं लागतं किंवा शिकावं लागतं, तो घ्या. नुसत्या पैशाकडे बघून निवडलेल्या विषयात पहिले कित्येक महिने पैसेही नसतात आणि गोडीही नसते, मग टिकायचं कशावर? उलट बाजूही सांगायला हवी. काही आवडी अशा असतात की त्यांचा वाचक प्रेमाने वाचेल आणि कधीच काही खरेदी करणार नाही. त्यात वाईट काही नाही, मात्र ते सुरुवातीलाच मान्य करून टाका.

९. आरोग्य, पैसा, कायदा हे विषय नवख्याने घ्यावेत का?

सल्ला देण्यासाठी घेऊ नयेत, अनुभव सांगण्यासाठी घेता येतात. वाचकाच्या प्रकृतीवर, पैशावर किंवा सुरक्षिततेवर परिणाम करू शकणाऱ्या मजकुराला गूगलच्या मूल्यमापन-सूचनांमध्ये जास्त कडक निकष आहेत. लेखकाचा अनुभव, प्रावीण्य, अधिकार आणि या सगळ्यांपेक्षा विश्वासार्हता बघितली जाते. यातला 'अनुभव' हा निकष डिसेंबर २०२२ मध्ये जोडला गेला.

गूगल बाजूला ठेवलं तरी साधा व्यवहार उरतोच. 'गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे माझे तीन महिने' हा लेख रुग्ण लिहू शकतो, आणि ते डॉक्टरला जमणार नाही. 'गुडघेदुखीवर कोणतं औषध घ्यावं' हे मात्र रुग्णाने लिहायचं नाही. क्षेत्र एकच असलं तरी हे विषय दोन आहेत.

१०. मराठीत लिहू की इंग्रजीत? विषय त्यावर ठरतो का?

बऱ्याच अंशी ठरतो. वाचक त्या विषयाचा प्रश्न मनात कोणत्या भाषेत विचारतो ते बघा. प्रोग्रामिंगमधला एरर संदेश इंग्रजीतच शोधला जातो. मूल रात्री का झोपत नाही, हे माणूस आईच्या भाषेत विचारतो. मराठीत एक फायदा असाही आहे की इंग्रजीत गर्दी झालेला विषय इथे अजून मोकळा असू शकतो. मात्र इंग्रजी लेख समोर ठेवून मराठीत उतरवायचा बेत असेल तर ती आवक उसनी आहे, आणि ते दोन परिच्छेदांत ओळखू येतं.

एकाच ब्लॉगवर आलटून पालटून दोन्ही भाषा मात्र नकोत. अर्धे लेख अर्ध्या वाचकांसाठी बंद होतात.

११. माझे दोन विषय आहेत. एक ब्लॉग की दोन?

दोन्हींचा वाचक एकच माणूस असेल तर एक ब्लॉग आणि दोन विभाग. सायकल चालवणाऱ्याला सायकलच्या सहली आणि सायकलची देखभाल दोन्ही हवं असतं. वाचक वेगळे असतील तर आधी एकच सुरू करा. दोन ब्लॉग एकाच वेळी काढणारे बहुधा दोन्हींची नावं, रंग आणि बोधचिन्हं ठरवण्यात रमतात. दुसऱ्याच्या कल्पना एका वहीत लिहीत राहा. सहा महिन्यांनी वही भरलेली असेल तर त्याचं बघता येईल.

१२. विषय एकाच कंपनीच्या किंवा एकाच उत्पादनाच्या भोवती असला तर?

चालतं, पण मग तुमची आवक दुसऱ्याच्या हातात असते. ते उत्पादन बंद झालं की तुमचा विषयही इतिहासजमा. जॉन ग्रूबर यांचा 'डेअरिंग फायरबॉल' हा ब्लॉग २००२ पासून मुख्यतः अ‍ॅपलभोवती फिरतो आणि टिकून आहे. मात्र तिथे नुसत्या बातम्या नसतात, मांडणी आणि सॉफ्टवेअर याबद्दलची त्यांची मतं असतात. एखाद्या अ‍ॅपवर लिहायचं असेल तर त्या अ‍ॅपने जे काम होतं त्याला विषय करा. फोटो संपादनाचं एक अ‍ॅप गेलं तरी फोटो संपादन राहतंच. उत्पादनाचं नाव ब्लॉगच्या पत्त्यात तर घालूच नका, ट्रेडमार्कची कटकट मागे लागू शकते.

१३. मी नोकरीत जे काम करतो त्यावरच लिहिलं तर?

आवकेच्या दृष्टीने याहून चांगलं काही नाही, आणि अडचणीच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही. आधी नेमणुकीच्या कागदपत्रांतलं गोपनीयतेचं कलम वाचा. मग विषय असा आखा की तो कोणत्याही ठिकाणच्या त्याच कामाला लागू पडेल: पद्धती, साधनं, नेहमीच्या चुका. ग्राहक, सहकारी, आतले आकडे यातलं काही नको. टोपणनावाने लिहिलं की झालं, असं मानू नका. लहान क्षेत्रात तपशिलांवरूनच माणूस ओळखला जातो.

१४. विषयावरून ब्लॉगचं नाव ठेवावं का?

उपशीर्षकात विषय स्पष्ट लिहा, नाव थोडं सैल ठेवा. उपशीर्षक केव्हाही बदलता येतं, पत्ता बदलणं त्रासाचं (प्रश्न १७).

१५. एआयला विचारून विषय निवडला तर?

शीर्षकं सुचवायला, विषयाच्या फांद्या दाखवायला ते उपयोगी आहे. पण तोच प्रश्न तुमच्यासारख्याच बाकीच्यांनीही विचारलेला असतो आणि त्यांना साधारण तशीच यादी मिळालेली असते. प्रश्न ३ मधले पुरावे तुमच्या फोनमध्ये आहेत, ते त्याला दिसत नाहीत. एक वापर मला आवडतो. ठरवलेलं एक वाक्य त्याला द्यायचं आणि 'या वाचकाला यातलं काय कंटाळवाणं वाटेल?' असं विचारायचं.

१६. विषयाबाहेरचं लिहायची खुमखुमी आली तर?

कधीमधी लिहा, कुणी रागवत नाही. वेगळा विभाग करा आणि शीर्षकातच तसं कळू द्या. सलग तीन लेख बाहेरचे झाले तर ती खुमखुमी राहिलेली नाही, विषय बदलतोय. मग पुढचा प्रश्न वाचा.

१७. विषयाचा कंटाळा आलाय. बदलला तर जुन्या लेखांचं काय?

आधी कंटाळा कशाचा ते तपासा. बरेचदा विषय ठीक असतो, लेखांचा साचा नकोसा झालेला असतो. 'पाच टिपा' छापाचे लेख थांबवून एखादी मुलाखत घ्या, एखाद्या वाचकाची अडचण सविस्तर सोडवा. तरीही मन लागत नसेल तर खुशाल बदला.

नवा विषय जुन्याच्या शेजारचा असेल तर त्याच ब्लॉगवर हळूहळू सरका. उपशीर्षक बदला आणि एक छोटं निवेदन द्या. अगदीच वेगळा असेल तर नवा ब्लॉग. जुने लेख पुसू नका. ते अजून कुणाच्या तरी उपयोगी पडत असतात आणि इतरांनी दिलेले दुवे त्यांच्याकडे येत असतात. पत्ता बदललात तर जुन्या प्रत्येक लेखावरून त्याच्याच नव्या पत्त्याकडे ३०१ हे कायमचं पुनर्निर्देशन लावा. सगळं मुखपृष्ठाकडे वळवू नका, नाहीतर साखळीची झीज मोजायला आलेला माणूस तुमच्या स्वागतपानावर येऊन उभा राहतो. हे पुनर्निर्देशन किमान एक वर्ष ठेवावं असं गूगल सांगतं. जमलं तर कायमच राहू द्या.

१८. माझा विषय मुळातच काही काळापुरता आहे: परीक्षेची तयारी, गरोदरपण, घराचं बांधकाम. सुरू करू का?

करा. ब्लॉग अखंड चाललाच पाहिजे असा नियम कुठेही नाही. अशा विषयांना उलट एक फायदा असतो: सुरुवात, मध्य आणि शेवट ठरलेला असतो, आणि वाचक तुमच्या मागोमाग त्याच टप्प्यांतून जाणार असतो. लेखांना तारखेऐवजी टप्प्याप्रमाणे क्रम द्या, म्हणजे दोन वर्षांनी आलेल्यालाही पहिल्या पायरीपासून वाचता येईल. घरातल्या इतरांचा, विशेषतः मुलांचा, संबंध येत असेल तर त्यांची नावं, चेहरे आणि शाळा बाहेर ठेवा. मूल मोठं होऊन तेच लेख वाचणार आहे.

काम संपलं की वर एक ओळ टाका: हा ब्लॉग पूर्ण झाला आहे, अमुक महिन्यानंतर इथल्या माहितीत बदल झालेला असू शकतो. प्रतिक्रिया उघड्या ठेवायच्या की बंद, हे त्यांना उत्तरं द्यायला तुम्हाला वेळ आहे का त्यावर ठरवा.